तेल

पाचूला तहान लागते.
हिऱ्याला नाही, माणकाला नाही, पाचूलाच.
वीस-पंचवीस वर्षांत आतलं तेल सुकतं
आणि चिरा वर येतात,
झोपून उठलेल्या गालावर उशीच्या वळ्या याव्यात तशा.

धनजी स्ट्रीटला, तिसऱ्या मजल्यावर,
उत्तरेच्या खिडकीशी माझं टेबल.
खाली हातरुमालाआड बोटं बोटांशी भाव बोलतात,
वर मी खड्यांना तेल पाजते.
आधी बाबा पाजायचे. पाटीवर अजून तेच आहेत:
ह. रा. वेदक.
नव्या गिऱ्हाइकांना वाटतं, ह म्हणजे मीच,
हेमलता किंवा हर्षदा असं काहीतरी.
मी दुरुस्त करत नाही.

मंगळवारी गावदेवीहून धैर्यवान बाई आल्या.
कॅमेऱ्याच्या रिळाची काळी डबी,
डबीत कापूस, कापसात नथ.
मोती पिवळट झालेले,
मधे पाचू, अर्ध्या वाटाण्याएवढा.
"विकायचीय. आधी खरा आहे का ते बघा.
आमच्या घरात सगळे काचच म्हणायचे."

मी खडा ओठाला लावला.
गार. आणि गारच राहिला.
काच लगेच ओशाळते, आपल्याइतकी कोमट होते.

मग भिंग.
आत शेवाळलेली विहीर,
विहिरीत एक थेंब,
थेंबात हवेचा बुडबुडा
आणि मिठाचा इवलासा चौकोन.
कुठल्या समुद्राचं मीठ, कोण सांगणार?
सात समुद्रांपलीकडच्या डोंगरात
माणूस नावाचं काही नसताना कोंडलेला हा थेंब
गुलामांच्या कुदळीखालून निघाला,
जहाजांच्या पोटातून गोव्याच्या धक्क्यावर उतरला,
कुणाच्या पगडीत, कुणाच्या गहाणखतात राहिला
आणि शेवटी एका बाईच्या वरच्या ओठाशी येऊन
तिचं बोलणं, जेवणं, गप्प बसणं
ऐकत राहिला.
सांडला मात्र नाही.

"खरा आहे," मी म्हटलं, "जुन्या खाणीचा."

बाईंचा चेहरा पडला.
"मग विकावीच लागणार.
खोटा निघाला असता
तर ठेवून घेतली असती."

भाव काढायचा तर जुनं तेल काढावं लागतं.
नथीतून खडा सुटा केला,
काचेच्या वाटीत बुडवला,
तासाभराने कापसावर टिपला.
कापूस पिवळा झाला
आणि टेबलावर वास आला: देवदार,
आणि त्याच्या मागून, दबक्या पावलांनी,
लवंग.

अख्ख्या बाजारात लवंग घालणारा एकच माणूस होता.
हसायचे त्याला. खड्याला काय दाढ दुखते का, वेदक?

वहीत सापडलं. त्र्याऐंशी साल, मार्गशीर्ष,
बाबांचं डावीकडे कललेलं अक्षर:
धैर्यवान. नथ एक. तेल. रुपये चार.
आणि खाली, पेन्सिलीने,
ओठाशी असते, म्हणून लवंग.

चाळीस वर्षं ते आत होते.
मीच बाहेर काढले, शास्त्रशुद्ध.

कोरडा खडा पांढुरक्या कागदावर ठेवला.
सगळ्या चिरा उघड्या.
आता पाहिला तर कुणीही निम्मा भाव करेल.
मी खरा आकडा सांगितला.
बाईंनी तो डबीच्या झाकणावर लिहून घेतला,
नथ टेबलावर तशीच ठेवली, खडाही,
आणि "सोमवारी कळवते" म्हणत
जिन्याचा कठडा धरून उतरल्या.

रात्री झारेकरी आला, नेहमीसारखा,
जिना, उंबरे, टेबलाखालचे कोपरे झाडत.
आमच्या धुळीतून तो वर्षाला तोळाभर सोनं काढतो,
म्हणून काहीच टाकाऊ समजत नाही.
त्याने कापूस उचलला, दिव्याशी नेला,
हुंगला, परत माझ्यासमोर ठेवला.

"यात काही नाही, ताई," म्हणाला.
"दातांच्या डॉक्टरकडचा आहे का?"